काविळीची माळ

नर्सच्या हातात कात्री होती आणि मामाजींनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"आजोबा, हात सोडा. डॉक्टरांना मानेतून नळी घालायची आहे. हे गळ्यातलं मध्ये येतंय."

"कापाची नाई," मामाजी म्हणाले. "कापली का कावीळ उलटते. डोक्यावर ठेवली होती म्या, आता गळ्यात आली. आपल्या पायानं उतरून राहिली ते. उतरू द्या तिले."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. पलंगावर पडलेल्या माणसाची मी बायको, म्हणजे काय ते मीच ठरवायचं. मी पुढे झाले आणि चिकटपट्टीने ती माळ उमेशच्या खांद्याशी बाजूला चिकटवून टाकली. माळ कापली गेली नाही, निघालीही नाही. नर्सने सुस्कारा सोडला, मामाजींनी हात सोडला, आणि माझ्या नवऱ्याला यातलं काहीच कळलं नाही. तो आदल्या दिवसापासून हाकेला ओ देत नव्हता.

मामाजी म्हणजे माझे सासरे, दौलतराव भोयर. आमच्या भागात कुणाचे डोळे पिवळे दिसले की लोक आधी आमच्या ओट्यावर यायचे आणि मग, जमलंच तर, दवाखान्यात जायचे. एका वेलीच्या काड्यांचे बारीक तुकडे करून मामाजी ते दोऱ्यात ओवायचे. दोन तुकड्यांमध्ये गाठ असायची, ती कशी मारायची ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. झालेलं छोटंसं कडं ते रोग्याच्या डोक्यावर ठेवायचे. ते आपोआप वाढत जायचं. डोक्यावरून गळ्यात यायचं, मग छातीवर, कमरेवर, आणि एक दिवस पायांतून खाली पडायचं. पडलं की कावीळ उतरली. तोवर तेल नाही, तूप नाही, फुटाणे खायचे, उसाचा रस प्यायचा आणि पडून राहायचं. बहुतेक लोक बरे व्हायचे. नारळ घेऊन यायचे, पाया पडायचे. मामाजी नारळाशिवाय काही घेत नसत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं, पण हसू ओठातच ठेवायची. घरात सासू नव्हती, मी यायच्या आधीच ती गेलेली. मामाजींचा माझ्यावर जीव होता, आणि त्यांच्या माळेला हसणं म्हणजे त्यांच्या तोंडावर हसण्यासारखं झालं असतं.

मग उमेशलाच कावीळ झाली. मामाजींनी माळ घातली, ती उतरायलाही लागली. पण उमेश दिवसा झोपायला लागला. एका सकाळी त्याने मला विचारलं, "तुम्ही कोनाच्या घरच्या?" आधी वाटलं, थट्टा करतोय. त्याने चहाची बशी कानाला लावली तेव्हा कळलं, ही थट्टा नाही. आमची लेक दोन वर्षांची होती. तिला आईकडे ठेवलं आणि शेजाऱ्याच्या गाडीत उमेशला घालून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं. मामाजी सोबत आले. वाटभर उमेशचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि एका हाताने माळ सांभाळत होते.

तिथे डॉक्टर देशकर नावाच्या बाई होत्या. बारीक अंगाच्या, सावकाश बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "पाण्यातून येणारी कावीळ आहे. बहुतेकांची आपोआप बरी होते. क्वचित एखाद्याचं यकृतच बंद पडतं. तसं झालं असेल तर दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवण्याशिवाय इलाज नसतो. घरात कोण देऊ शकेल, विचार करून ठेवा."

"विचार कसला करायचा?" मी म्हटलं. "मी देते."

माझा रक्तगट जुळला. मामाजींचं वय बसत नव्हतं. मी एवढ्या फटकन बोलले याचं मलाच नवल वाटलं. मी काही फार शूर बाई नाही, इंजेक्शनलाही डोळे मिटते. पण बशी कानाला लावलेला उमेश डोळ्यांपुढून हलत नव्हता.

नंतर दोन दिवसांनी रिपोर्ट आला आणि मामाजींच्या चेहऱ्यावर तकाकी आली. यकृताचा जो आकडा आल्या दिवशी हजारांत होता, तो आता शेकड्यांवर आला होता. त्याच सकाळी माळही छातीपर्यंत पोचली होती.

"पाह्य पोरी!" मामाजी म्हणाले. "त्याईचा आकडा बी उतरला आन माही माळ बी उतरली. दोघंबी एकच सांगून राहिले."

ते समोरच्या देवळात जाऊन बत्तासे घेऊन आले आणि बाहेर बसलेल्या सगळ्या नातेवाइकांना वाटत सुटले. मीही खाल्ला. आनंद तर मलाही झाला होता, इतका की तिथेच भिंतीला टेकून मी रडले. देशकर बाई आल्या तशा मामाजींनी त्यांच्याही हातावर एक बत्तासा ठेवला. त्यांनी तो खाल्ला नाही, नुसता मुठीत धरून ठेवला.

"काका, बसा," त्या म्हणाल्या. "आकडा उतरला ते खरं आहे. पण तो का उतरला, ते बघायला हवं. यकृताच्या पेशी फुटल्या की हा आकडा रक्तात वाढतो. आता फुटायलाही पेशी उरल्या नसतील, तरी तो उतरणारच. घर जळताना धूर निघतो ना? सगळं जळून गेलं की धूरही थांबतो."

मामाजी बाकावर बसले. मग म्हणाले, "मंग तुमी कसं वळखता? घर उभं हाये का जळालं?"

"आत कुणी काम करतंय का, ते बघायचं." बाईंना प्रश्न आवडला असावा, त्या त्यांच्या शेजारीच बाकावर बसल्या. "आपल्या पित्तात एक आम्ल असतं. ते आतड्यातून रक्तात येतं, आणि यकृत ते रक्तातून उचलून परत पित्तात टाकतं. दिवसभर त्याचं हेच चाललेलं असतं. आम्ही ते आम्ल थोडंसं शिरेतून देतो आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त काढून किती उरलंय ते बघतो. यकृत जिवंत असेल तर बघता बघता रक्त साफ होतं. रक्त गोठत नाहीये म्हणजे यकृत कमी पडतंय, ते आम्हाला दिसतंच आहे. पण ही तपासणी सांगेल की यकृत किती काम करतंय. उमेशची करते, आणि या प्रतिभाचीही करते."

"हिले काय झालं?" मामाजी दचकले.

"काही नाही झालेलं. म्हणूनच करायची. तिच्या यकृताचा तुकडा घ्यायचा तर ते कसं चालतं ते कळायला हवं. शिवाय निरोगी माणसाचं काय होतं ते शेजारी ठेवल्याशिवाय आजारी माणसाचं काय झालंय ते समजत नाही."

माझ्या दंडात सुई ठेवून पुन्हा पुन्हा रक्त काढत होते. पडद्याच्या पलीकडे उमेशचंही चाललं होतं. नवा संसार मांडला तेव्हासुद्धा आम्ही दोघांनी एकत्र, एका वेळी असं काही केलेलं मला आठवत नाही. मी छताकडे बघत मनात म्हणत होते, उचल रे, एवढं उचल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कागदावर दोन रेघा दाखवल्या. माझी रेघ विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखी सरळ खाली गेली होती. उमेशची थोडीशी वाकली होती आणि मग तशीच आडवी चालली होती.

"यकृत काम करत नाहीये," बाई म्हणाल्या. "वाट बघण्यात अर्थ नाही. यकृत द्यायला परवानगी देते ती समिती आज दुपारी बसवते. पण काका, घरातले वडील म्हणून ते तुम्हालाही विचारतील."

मामाजींनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "कागद हाये," ते म्हणाले. "कागदावर कोनी बी रेघा मारते."

दुपारी समितीसमोर त्यांनी नाही म्हटलं. मोठ्याने नाही की रागाने नाही. मान खाली घालून ते म्हणाले, "माह्या पोराची कावीळ उतरून राहिली. सुनेचं पोट फाडाची गरज नाई. मी त्याले घरी नेतो." मी बोलले, बाई बोलल्या, पण टेबलामागचे मोठे डॉक्टर म्हणाले की घरातच एकमत नसेल तर आम्ही पुढे कसं जायचं, आधी तुमचं ठरवा आणि उद्या या. बाहेर येऊन मामाजींनी गावाकडे फोन करून जीप बोलावली.

ती रात्र मी कशी काढली, मलाच ठाऊक. त्यांच्याशी बोलले नाही. बोलले असते तर तोंडातून काय निघालं असतं सांगता येत नाही. माझा नवरा आत मरत होता, आणि ज्या माणसाने मला लेकीसारखं वागवलं तोच त्याच्या वाटेत आडवा पडला होता. त्यांचा गळा धरावा असं मला खरोखर वाटलं.

सकाळी हॉस्पिटलच्या मागच्या आवारात नातेवाईक डबे उघडून बसतात, तिथे ते कडुनिंबाखाली एकटे बसलेले दिसले. जीप यायची होती. पायाशी त्यांची पिशवी होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

"मामाजी, पिशवीत दुसरी माळ आहे ना?"

"हाये. याची पडली तं लागन म्हनून आनली."

"ती माझ्या डोक्यावर ठेवा."

त्यांनी वर पाहिलं. "काहून? तुले कावीळ नाई."

"नाही ना? मग ती वाढणारच नाही. डॉक्टरीण बाईंनी उमेशसोबत मला तपासलं. तुम्हीही तपासा. माझ्या डोक्यावर ती होती तेवढीच राहिली, तर मी तुमच्यासोबत जीपमध्ये बसते. एक शब्द बोलणार नाही."

"असं नाई करत माळेचं."

"का नाही?"

"प्रतिभा, हट्ट नको करू."

"ठेवा डोक्यावर!" मी ओरडले. डबा खाणारी माणसं वळून बघायला लागली. मीच वाकून पिशवीत हात घातला. तेव्हा मामाजींनी माझा हात धरला. नर्सचा धरला होता तसा नव्हे. त्या धरण्यात जोरच नव्हता.

"वाढन ते," ते म्हणाले.

"काय?"

"तुह्या डोक्यावर बी वाढन. खुटीवर टांगली तरी वाढते. काड्या वायल्या का आकसते, मंग गाठीतला दोरा सुटतो. ओली हाये तवर आखूड, वायली का लांब."

मी तिथेच मातीत बसले. 

"तुम्हाला माहीत होतं?"

"कुंदा गेली तवापासून."

कुंदा म्हणजे उमेशची मोठी बहीण. घरात तिचा एक फोटो होता. लग्न ठरलेलं असताना तापाने गेली, एवढंच मला सांगितलेलं होतं.

"ताप नोता," मामाजी म्हणाले. ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "कावीळच होती. अशीच झोपाले लागली होती, अशीच बरळत होती. तुही सासू म्हने, दवाखान्यात न्या. मी म्हनो, अवं, माळ कमरेले आली, आता काय दवाखाना? सकाळी उठलो तं पोरगी थंड. मानसं जमा होईस्तोवर मी तिच्यापाशीच बसून होतो. माळ अंगावरच होती. आन थे वाढून राहिली होती, प्रतिभा. जीव गेला होता तरी वाढून राहिली होती. मी हातानं मोजून पाह्यली. पह्यले दोन बोटं, मंग चार. मोजली आन गुपचूप काढून चुलीत टाकली. तुह्या सासूले सांगतलं नाई. कोनालेच नाई सांगतलं."

"आणि त्यानंतर इतकी वर्षं लोकांना देत राहिलात?"

"बंद केली असती तं लोकाईनं इचारलं असतं, काहून बंद केली. लोकाईचं जाऊ दे, मी मले काय सांगतलं असतं? माळ खोटी म्हटली तं पोरीले म्याच मारलं. म्हनून मी माळ खरी ठेवली." त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "काल थ्या बाईनं रेघा दाखवल्या. मले समजल्या. मी अडानी नाई. पन हो कसा म्हनू? हो म्हटलं का कुंदा..."

 आवाराच्या फाटकातून जीप आत येत होती. मामाजी उठले, जीपवाल्यापाशी गेले आणि त्याला परत जायला सांगितलं. मग माझ्या पुढे चालत समितीच्या खोलीत शिरले. जे गावात कुणाला, बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, ते त्यांनी टेबलामागच्या अनोळखी माणसांसमोर उभ्याने सांगितलं.  देशकर बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मामाजींनी सही केली आणि विचारलं, "आता लवकर होईन ना?"

सगळं लवकरच झालं. संध्याकाळी मला आत घेतलं, हिरवे कपडे चढवले, पोटावर निळ्या शाईने चीर कुठे द्यायची त्याची रेघ मारली. शाई थंडगार लागली. मी घाबरले होते, पण त्या भीतीत आनंदही होता, आणि तो लपवायची मला गरज वाटली नाही. आता जे काही होणार ते माझ्या हातात आहे असं मला वाटत होतं.

देशकर बाई आल्या त्या एकट्याच आल्या. माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"प्रतिभा, उमेशच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात. उजेडाला हलत नाहीत. मेंदूला सूज आली आहे. आता यकृत बसवून उपयोग होणार नाही."

"माझं घ्या तरी," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणालात, माझं चांगलं आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "तुझं चांगलं आहे."

"काल केलं असतं तर?"

 "सांगता येत नाही," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

उजाडायच्या आधी उमेश गेला. पोटावरची निळी रेघ कितीतरी आंघोळींनंतर पुसली गेली.

लोकांना वाटलं, मी लेकीला घेऊन माहेरी जाईन. आईलाही तसंच वाटत होतं. मी गेले नाही. का गेले नाही ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. राग होताच. कित्येक महिने मी मामाजींपुढे ताट ठेवायची आणि तोंड फिरवून निघून जायची. पण त्या घरात उमेशसाठी रडणारी माणसं दोनच होती, आणि त्यांतलं एक उठून गेलं असतं तर दुसऱ्याने रडायचं कुणापाशी?

उमेशचे दिवस झाल्यावर थोड्याच काळाने ओट्यावर एक कुटुंब आलं. कपाळावर व्रण असलेला बाप, आई आणि त्यांची सोळा-सतरा वर्षांची पोरगी. पोरीचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि ती बसल्या बसल्या पेंगत होती. मामाजींनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हिले आत्ताच्या आत्ता शहरात न्या," ते म्हणाले. "मी माळ देत नाई. माळीत काहीच नसते. माहा पोरगा गेला, माही पोरगी गेली. माळ खोटी हाये."

पोरीच्या बापाने हात जोडले. "बुवा, पोरगा गेल्याचं दुःख हाये तुमाले, समजते आमाले. पन तुमच्या हाताले गुन हाये. माह्या भावाले तुमीच बरं केलं."

"तो आपल्यानं बरा झाला! मी नाई केला!" मामाजी जवळजवळ रडत होते. "या माह्या सुनेले इचारा. सांग वं, प्रतिभा."

मी सांगितलं. हॉस्पिटलचं नाव सांगितलं, देशकर बाईंचं सांगितलं, पोरगी पेंगतेय हे किती वाईट आहे ते सांगितलं. पोरीची आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत माझी कीव होती, दुसरं काही नव्हतं. बापाने पोरीला उठवून उभी केली आणि बायकोला म्हणाला, "चाल, नदीपलीकडं बी एक जन माळ देते. याईचं डोकं फिरलं बिचाऱ्याईचं."

मामाजी त्यांच्यामागे फाट्यापर्यंत अनवाणी गेले. हात जोडत, विनवत गेले. ती माणसं ऑटोत बसून नदीच्या बाजूला निघून गेली. नाव-गाव विचारायचंही आम्हाला सुचलं नव्हतं.

त्यानंतर मामाजी जगले तोवर, बाजारात, लग्नात, मौतीत, जो भेटेल त्याला विचारत राहिले. सोळा-सतरा वर्षांची पोरगी, कावीळ झाली होती, बापाच्या कपाळावर व्रण, कोण्या गावची असन? काय झालं असन तिचं? लोक हसायचे, मग हसायचेही बंद झाले. कुणालाच काही सांगता आलं नाही.

शेवटी ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी तोंड बाजूला केलं आणि विचारलं, "थ्या पोरीचं काही समजलं का वं?"

"समजलं," मी म्हटलं. "बाजारात तिची आई भेटली होती. त्याच दिवशी शहरात नेलं म्हणे त्यांनी. तुमचं ऐकलं. पोरगी बरी झाली. आता लग्न झालंय तिचं."

मामाजी माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं रोखून कधी पाहिलं नव्हतं.

"खरं सांगून राहिली?"

"खरं."

"कुंदाची आन?"

मी पेजेचा चमचा भरला. मी चमच्याकडेच बघत होते आणि ते त्यांना दिसत होतं.

"कुंदाची आण," मी म्हटलं.

त्यांनी तोंड उघडलं आणि पेज गिळली.